चांगदेवशेठ बाजू बदलत नाहीत

आमच्या पूर्णा गावात टेनिसचं एकच मैदान आहे आणि ते चुकीचं बांधलेलं आहे. टेनिसचं मैदान उत्तर-दक्षिण असावं लागतं, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन कोणाच्या थेट डोळ्यांत जात नाही. आमचं पूर्व-पश्चिम आहे, कारण जमीन पूर्व-पश्चिम आहे. दोन गोदामांच्या मध्ये उरलेला तो लांबट पट्टा. त्यात मैदान दुसरीकडे तोंड करून बसेना, मग बसेल तसं बसवलं. ज्या कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ते बांधलं, ती दोन वर्षांत गोदाम सोडून गेली. जाताना कपाटं, पंखे, पाण्याचे कूलर, सगळं उचलून नेलं. मैदान नेता येईना. त्याच्यासोबत नेट आणि पंचाची उंच लोखंडी खुर्चीही राहिली.

हा पट्टा चांगदेव पाटील आणि रामू पाटील या सख्ख्या भावांचा. वाटणीत निम्मा-निम्मा झालेला. हद्द बरोबर मधोमध, आणि कंपनीने नेट लावलं तेही बरोबर मधोमध. नेटच्या पूर्वेची बाजू थोरल्या चांगदेवशेठची, पश्चिमेची धाकट्या रामूशेठची. नुसता अर्धा पट्टा घेऊन कोणी काही करू शकत नव्हतं. त्यात ट्रकसुद्धा वळत नाही.

मला सांगायचंय ते चांगदेवशेठबद्दल. वय सहासष्ट. सातवीत शाळा सोडली, बारा वर्षं भिवंडीत लूमवर काढली, मग बापाच्या भातशेतीत परत आले आणि पुढे त्याच शेतात गोदामं उभी राहिली. गावात आता त्यांना शेठ म्हणतात. त्यांना ते आवडतं की नाही हे कळायला मार्ग नाही, कारण चांगदेवशेठना काय आवडतं ते ते कोणाला सांगत नाहीत. जेवताना भाजी खारट झाली तर दोन घास जास्त खाऊन उठतात, म्हणजे करणारीला शंका येऊ नये. असा माणूस घरात असला की घरच्यांचे फार हाल होतात. त्यांच्या सुनेने मला हे स्वतः सांगितलंय.

अकरा वर्षांपूर्वी रामूशेठच्या भाडेकरूचा एक कंटेनर मागे येताना चांगदेवशेठच्या फाटकाचा खांब पाडून गेला. खांब दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहिला. पण तोवर बोलणं खांबावरून निघून, बापाच्या आजारपणात उशाशी कोण किती बसलं, इथपर्यंत पोचलं होतं. तिथून कोणी परत येत नाही. शेवटी दोघे गावदेवीसमोर गेले आणि शपथ घेतली: ‘तुझ्या जमिनीत पाय ठेवनार न्हाय, तुझ्याशी बोलनार न्हाय.’ दोघांनी एकाच नारळावर हात ठेवला होता. तेवढ्यापुरतं एकमत होतं म्हणायचं.

पुढे दोघांनाही एकाच वर्षी साखर निघाली. डॉक्टरने रोज तासभर घाम काढायला सांगितलं. गावच्या रस्त्यावर कंटेनरच्या मधून चालणं म्हणजे साखरेच्या आधीच खेळ खल्लास. मग दोघेही आपापल्या अर्ध्या मैदानात येऊन एकटेच बॉल आपटत बसू लागले. एक दिवस चांगदेवशेठचा बॉल नेटवरून पलीकडे गेला. रामूशेठने तो परत मारला. बॉलने दुसऱ्याच्या जमिनीत जायचं की नाही, हे शपथेत आलेलं नव्हतं.

असे ते खेळू लागले. न बोलता. बॉल रेषेच्या आत पडला की बाहेर, यावर मात्र न बोलता भांडता येत नाही. दोघे तिथल्या तिथे कमरेवर हात ठेवून उभे राहायचे, कधी कधी अंधार पडेपर्यंत. म्हणून चार वर्षांपूर्वी मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांची थोरली बहीण आक्का, जी दिघाशीला दिलेली आहे, ती माझ्याकडे आली. मी धम्मदिना, पूर्ण्याच्या बौद्धवाड्यातली, भिवंडीच्या शाळेत तीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. एका मे महिन्यात शाळेने मला टेनिसच्या पंचांच्या शिबिराला पाठवलं होतं. शाळेत टेनिस नव्हतं, पण परिपत्रक आलं होतं. आक्का म्हणाली, “बाई, तू न त्याची, न याची. तूच बस.” खरं होतं. त्या वाटणीत माझा इंचभर संबंध नव्हता. माझ्या वडिलांनी त्याच पट्ट्यात मजुरीने भात लावलेला, एवढंच.

पहिल्या दिवशी खुर्चीवरून थोडा घोळ झाला. पंचाची खुर्ची नेटच्या खांबाशी असते. खुर्ची कोणाच्या जमिनीत ठेवायची? शेवटी दोन पाय पूर्वेला, दोन पश्चिमेला, असं ठेवून मी वर चढले. आमच्या घरातलं कोणी पाटलांच्या शेतात इतक्या उंचावर बसलेलं माझ्या आठवणीत नव्हतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पहिला गेम रामूशेठने जिंकला. मी मोठ्याने म्हणाले, “बाजू बदला.”

कोणी हललं नाही.

मला वाटलं, नियम माहीत नसेल. तीस वर्षं ज्यांना समजत नाही त्यांना समजावण्यातच गेलेली. मी वरूनच सांगितलं: “पहिल्या गेमनंतर खेळाडू बाजू बदलतात. मग तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, म्हणजे प्रत्येक विषम गेमनंतर. कारण एका बाजूला ऊन असतं, वारा असतो, जमीन खालीवर असते. कोणा एकाच्याच वाट्याला ते सगळं येऊ नये. आणि विषमच का, तर सर्व्हिस एकेक गेम आळीपाळीने असते. असं बदललं की पहिला गेम सोडून दोघांनाही प्रत्येक बाजूला दोन दोन गेम मिळतात, एक सर्व्हिसचा, एक घ्यायचा. सेट संपला आणि गेमची बेरीज विषम आली तर बदलायचं. सम आली तर पुढच्या सेटच्या पहिल्या गेमनंतर.”

चांगदेवशेठनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “नियम बरोबर हाय बाई. पन माझी जमीन ही हाय.”

रामूशेठ तिकडून मला म्हणाले, “त्याला सांगा, मी पन माझ्या जमिनीत हाय.”

नियम म्हणजे नियम. त्यांनी पाळला नाही म्हणून मी सांगायचं सोडलं नाही. पहिल्या गेमनंतर मी म्हणायची “बाजू बदला,” आणि ते तिथेच खेळत राहायचे. पहिल्या गेमला विश्रांती नसते, त्यामुळे तेवढं चालून जायचं. तिसऱ्या गेमनंतर मी म्हणायची “बाजू बदला, नव्वद सेकंद,” आणि दोघे आपापल्या बाकावर नव्वद सेकंद बसायचे, पाणी प्यायचे, टॉवेलने मान पुसायचे आणि उठून होते त्याच जागी उभे राहायचे. एका पावसाळ्यात टायब्रेक झाला. त्यात दर सहा पॉइंटनंतर बाजू बदलायची असते. मी तेव्हाही सांगितलं. बघायला येणारी गोदामातली पोरं हसायची. मी त्यांना गप्प बसवत होते. देवीच्या शपथेबद्दल माझं काही म्हणणं नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण खेळाच्या नियमाबद्दल होतं, आणि ते मी दिवसातून पाच-सहा वेळा म्हणत होते.

चांगदेवशेठ हरायचे. सहा-दोन, सहा-तीन, बहुतेक रोज. पांढरा लेंगा, गंजी आणि पायात नातीने आणलेले हिरवे बूट अशा वेषात ते खालून सर्व्हिस करायचे, जी नियमात बसते, आणि रॅकेट दोन्ही हातांनी कोयत्यासारखी धरायचे, जे नियमात बसतं पण बघवत नाही. गावात सगळे म्हणायचे, रामूचा हात चांगला बसलाय. रामूशेठही चहाच्या टपरीवर तसं मानेनेच कबूल करायचे.

मी मात्र वही ठेवायची. तारीख, स्कोअर आणि हवा. खेळ संध्याकाळी पाचला. सूर्य पश्चिमेला, खाडीचा वारा पश्चिमेकडून. म्हणजे पूर्वेच्या बाजूला उभा असलेल्याने वाऱ्याविरुद्ध मारायचं आणि उन्हात बघायचं. मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तर सूर्य दोन गोदामांच्या मधोमध, पट्ट्याच्या तोंडाशी येऊन बसतो. तेव्हा चांगदेवशेठ बॉल डोळ्यांनी बघत नसत, आवाजावर मारत. चार वर्षांत ऊन असलेल्या दिवशी ते तीन वेळा जिंकले. पावसाळ्यात खेळ क्वचितच व्हायचा, पण ढगाळ दिवशी झाला त्यात ते हरले फक्त पाच वेळा. वहीत हे स्वच्छ दिसत होतं, पण वही कोणी मागितली नाही आणि पंचाने न मागता बोलू नये.

गेल्या ऑक्टोबरमध्ये चांगदेवशेठना बॉल दोन दिसायला लागले. भिवंडीच्या डॉक्टरने दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. दिवाळीनंतर ऑपरेशन करू, म्हणाला, आणि त्यानंतर रोज तासभर सूर्याकडे तोंड करून उभं राहणं कायमचं बंद. चांगदेवशेठनी हे मला खुर्चीशी येऊन सांगितलं, अगदी वीज बिल किती आलं ते सांगावं तसं. वर म्हणाले, “आता बास झाला खेल.”

त्या वेळी दिवाळीसाठी आक्का माहेरी आली होती. तिने भाऊबीज नेहमीसारखी दोन घरांत दोनदा केली आणि मग माझ्याकडे आली. बसलीही नाही. “बाई, अकरा वर्सं झाली. लग्नाला एक आला तं दुसरा न्हाय येत. पन पाच वाजता दोगं समोरासमोर उभे ऱ्हातान, एकमेकाचा बॉल परत देतान. माझ्या भावांचं तेवढंच उरलंय. ते बंद झालं तं मंग एकाच्या मयतालाच दुसरा दिसंल.” आणि ती रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसांजवळ काय करावं ते कधी कळलेलं नाही. मी तिला पाणी दिलं.

मी चांगदेवशेठकडे गेले. माझ्याकडे उपाय होता, साधा होता. “शेठ, ऑपरेशन होऊ द्या. मग संध्याकाळी नका खेळू, सकाळी सातला खेळा. ऊन तुमच्या पाठीशी येईल.”

“मंग ते कोनाच्या डोल्यात जाईल?”

“रामूशेठच्या.”

“मंग?” असं म्हणून ते अंगणातली खुर्ची सारखी करायला लागले. ती सारखीच होती.

मी उठायला तयार नव्हते. मग तेच बोलले. “त्याचे डोले लहानपनापासून कच्चे हायेत, बाई. शालेत फल्याकडं बघताना पानी यायचं. मास्तर मारायचा. सकालचा खेल मीच न्हाय ठेवला. पहिल्या दिवशी तो सकाली आलेला, मी मुद्दाम पाचला गेलो. दोन दिवस तसाच गेलो, मंग तो पन पाचला यायला लागला.”

म्हणजे या माणसाला सगळं माहीत होतं. इतकी वर्षं हरत होता, ठरवून, भांडण चालू ठेवून, आणि गावाला वाटत होतं की याचा हात चालत नाही. माझा राग अनावर झाला. मी त्यांना म्हणाले की तुमच्यासारखा मूर्ख माणूस मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही, आणि मी दहावी ‘ड’ला शिकवलेलं आहे. चांगदेवशेठ म्हणाले, “रामूला सांगू नका.”

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. रामूशेठ आले. पाच वाजता रॅकेट घेऊन आपल्या बाजूला उभे राहिले, साडेपाचला बाकावर बसले, सहाला गेले. असं सहा दिवस. मी खुर्चीवर बसून होते. समोर सामना नव्हता, पण वेळ झालेली होती. सातव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “हरून हरून कंटालला का तो?”

सांगू नका, असं मला सांगितलेलं होतं. पण वही दाखवू नका, असं कोणी सांगितलं नव्हतं. मी खाली उतरले आणि वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर करून, डोळ्यांजवळ धरून ती वाचली. चार वर्षांची. मग म्हणाले, “हवा कशाला लिवलीय?”

“पाचला तिकडे उभे राहून बघा,” मी म्हणाले.

तिकडे पाय ठेवता येत नव्हता. रामूशेठ मैदानाबाहेर पडले, वळसा घालून पूर्वेच्या टोकाला रस्त्यावर गेले. रस्ता सरकारी, तिथे शपथ लागत नाही. तिथून ते पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले. मला नेटजवळून दिसत होतं. आधी त्यांनी कपाळावर हात धरला, मग चष्मा काढला, मग दोन्ही हातांनी डोळे झाकून तिथेच उभे राहिले. मागे एक कंटेनर हॉर्न देत होता, तरी हलले नाहीत. परत आले तेव्हा त्यांचे गाल ओले होते. ते उन्हानेही असेल. “दादा रोज हे बघायचा?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “ढग नसले की रोज.”

आता दुसरा कोणी असता तर सरळ भावाच्या दारात गेला असता. रामूशेठ वकिलाकडे गेले. भिवंडीत आमच्या लोकांना मन हलकं करायचं असलं की ते आधी सातबारा काढतात. आठ दिवसांनी मला निरोप देऊन पाठवलं: पट्ट्याची अदलाबदल करायची. पूर्वेचा अर्धा रामूशेठच्या नावावर, पश्चिमेचा अर्धा चांगदेवशेठच्या. म्हणजे ज्याची त्याची जमीन, ज्याची त्याची शपथ, आणि ऊन रामूशेठच्या डोळ्यांत.

चांगदेवशेठ नाही म्हणाले. मी सांगितलं, “मग रामूशेठ रोज पाचला मोकळ्या मैदानात उभे राहणार आहेत. थंडीतही. मी बघून आलेय.” त्यावर ते सुनेला म्हणाले, “आधार कार्ड कुठंय माझं?”

डिसेंबरात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, जानेवारीत दुसऱ्याचं. फेब्रुवारीत दस्त. नोंदणी कार्यालयात दोघे भाऊ एका बाकाच्या दोन टोकांना बसले, मध्ये मी आणि आक्का. साक्षीदार आम्हीच. तिथल्या माणसाने कागद दोनदा वाचले. दोन्ही तुकडे सारखे, गट एकच, मोल एकच. त्याने विचारलं, “मग बदलता कशाला?”

“ऊन,” रामूशेठ म्हणाले.

त्या माणसाने अंगठ्याचं यंत्र पुढे सरकवलं. दोघांनी अंगठे दिले, फोटो काढून घेतले.

डॉक्टरची परवानगी आली ती मार्चमध्ये, म्हणजे सूर्य अगदी पट्ट्याच्या तोंडाशी असताना. त्या दिवशी चांगदेवशेठ पश्चिमेच्या फाटकाने आत आले, डोळ्यांवर काळा चष्मा, पायात तेच हिरवे बूट. रामूशेठ पूर्वेच्या बाजूला आधीच उभे होते. आक्का बाकावर होती. मी खुर्चीवर चढले आणि खेळ सुरू केला.

खेळ कसला. चांगदेवशेठनी खालून सर्व्हिस केली, रामूशेठनी हवेत रॅकेट फिरवली. बॉल त्यांच्या खांद्याला लागून गेला. पुढचा त्यांना दिसलाच नाही. तिसऱ्याला ते उलट्याच दिशेला धावले. त्यांचा जाड चष्मा उन्हात नुसता पेटलेला दिसत होता आणि खाली गालांवरून पाणी वाहत होतं. पण तक्रार नाही. बॉल गेला की पुसायचं आणि पुन्हा उभं राहायचं. चौथा पॉइंटही तसाच गेला. एकही न गमावता गेम चांगदेवशेठचा. माझ्या वहीत पहिल्यांदाच त्यांनी उन्हाच्या दिवशी पहिला गेम जिंकला होता आणि त्यांचा चेहरा मयताला आल्यासारखा झाला होता.

मी म्हणाले, “बाजू बदला.” सवयीने. कोणी हलेल असं मला वाटलं नव्हतं.

चांगदेवशेठनी बाकावरची पाण्याची बाटली उचलली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि माझ्या खुर्चीला वळसा घालून पलीकडे गेले. सरळ रामूशेठच्या जमिनीत. भावासमोर जाऊन उभे राहिले, उन्हाच्या आणि त्याच्या मध्ये. ते उंच आहेत. रामूशेठच्या तोंडावर सावली पडली.

“सर तिथून,” ते म्हणाले. “उन्हात नको उभा ऱ्हाऊ.”

“दादा, शपथ…”

“ती माझी हाय. मी बघून घेईन देवीशी.”

“तुझे डोले…”

“दोन गेमनी काय व्हत न्हाय. मंग दोन तू ऱ्हा. बाई चार वर्सं काय वरडतान मंग?”

रामूशेठ चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागले. पुसतच राहिले. चांगदेवशेठनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला, आणि आपला हात काही मागे घेतला नाही. आक्का बाकावर तोंडाला पदर लावून बसली होती. दोघे तिथेच उभे होते, काहीतरी बोलत होते, बापाबद्दल असावं, मला नीट ऐकू आलं नाही.

पहिल्या गेमनंतर विश्रांती नसते, खेळ लगेच चालू व्हावा लागतो. मी दोघांनाही वेळ घालवल्याबद्दल ताकीद दिली. घड्याळ बघून पुन्हा दिली. दोघांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही.